आधी म्हातारीला उतरवा

ठाण्याला समुद्र नाही, खाडी आहे. त्यामुळे 'नोकरीत असताना मी समुद्रात अडकलेली माणसं काठाला आणायचं काम करत असे' असं सांगितलं की माझ्या भाचेसुना एकमेकींकडे बघतात. मावशींचं वय झालं, असा त्या बघण्याचा अर्थ. बरं, मला पोहता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. होडीत पाय ठेवला की पोटात ढवळायला लागतं, ते आजही तसंच आहे. तरी काम मी तेच करत होते आणि बऱ्यापैकी करत होते. या अंकाच्या निमित्तानं ते एकदा नीट सांगून टाकते.

स्वातंत्र्य मिळालं त्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. सिंधमधून माणसं येत होती. मोठ्या बोटी मुंबईच्या गोदीत लागत. तिथून लोकांना आगगाडीनं कल्याणला आणत आणि लष्करानं लढाईच्या काळात बांधलेल्या बराकींत ठेवत. एवढं पुष्कळांना ठाऊक आहे. पण सगळ्यांनाच मोठ्या बोटीवर जागा मिळत नव्हती. ज्यांना मिळाली नाही, त्यांनी कराचीच्या आसपासच्या बंदरांतून शिडाची गलबतं ठरवली. कालपरवापर्यंत कराची-मुंबई ही माल नेण्या-आणण्याची रोजची वाट होती. आता त्याच पाण्यात मधेच कुठेतरी सरहद्द आली होती. मुंबईच्या गोदीत चौकशी होईल, गलबत अडकवून ठेवतील, या भीतीनं काही तांडेल, म्हणजे गलबतांचे कप्तान, मुंबई टाळत आणि वसईच्या खाडीत शिरत. कल्याणला पाण्यानं जाता येतं हे त्यांना बापजाद्यांपासून माहीत होतं. खाडी आता किती गाळानं भरली आहे, हे मात्र माहीत नसे.

अशा वाट चुकलेल्या गलबतांसाठी ठाण्याच्या निर्वासित मदत कचेरीत एक टेबल ठेवलेलं होतं. त्या टेबलामागे मी. मॅट्रिक झालेली, मुलींच्या शाळेत दोन-तीन वर्षं शिकवलेली, लग्न न केलेली. जागा तात्पुरती होती आणि पुरुष मंडळी तात्पुरत्या जागेवर यायला तयार नव्हती, म्हणून ती मला मिळाली. आई म्हणाली, "खाडीशी आपला संबंध काय? फार तर कोळंबीपुरता." तिला वाटलं होतं, महिन्याभरात मी कंटाळेन.

काम काय होतं ते सांगते. निरोप येई की अमक्या ठिकाणी गलबत अडकलं आहे, माणसं आहेत. मग त्यांच्यापर्यंत होड्या पोचवायच्या, पाणी पोचवायचं, उतरवून घ्यायचं, काठावर गाडी आणि औषधपेटी तयार ठेवायची आणि तिथून कल्याणला धाडायचं. यातलं काहीही माझ्या मालकीचं नव्हतं. होडी कोळ्याची, पडाव रेतीवाल्याचा, लॉरी लाकडाच्या वखारीची, कंपाउंडर इस्पितळाचा. माझ्याकडे होतं एक टेबल, एक टेलिफोन आणि धोंडू नावाचा सायकलवाला शिपाई. कुणाकडे काय आहे, ते आज कुठे आहे आणि त्याच्याकडून ते कसं मागायचं, एवढंच मला माहीत असायला लागे. कशेळीच्या माणसाला आधी विचारलं आणि काल्हेरच्या माणसाला मागून, तर काल्हेरचा रुसे. हा माझा धंदा.

नोकरीच्या सुरुवातीलाच एक निरोप आला. उत्तनच्या बाजूला एक गलबत खडकावर चढलं होतं. आमच्या कचेरीनं बंदर खात्याला विचारलं, बंदर खात्यानं जकातीला, जकातीनं पोलिसांना. सगळीच सभ्य माणसं, सगळ्यांनीच एकमेकांना विचारलं. परवानगी आली तोवर गलबत फुटलं होतं. आम्ही गेलो तेव्हा काठाला फळ्या लागल्या होत्या आणि एका शिवणयंत्राचं लाकडी झाकण. काही माणसं गावकऱ्यांनी काढली होती. किती राहिली हे कोणी सांगू शकलं नाही. परत येताना मी मनाशी एक ठरवलं. पुढच्या वेळी विचारायचं नाही. कळवायचं.

ती पुढची वेळ लवकरच आली.

सकाळी कचेरी उघडून मी बसते न बसते तोच जकातीच्या चौकीवरचा शिपाई सावंत घामाघूम होऊन आत आला. घोडबंदरहून तो एका लाकडाच्या लॉरीवर बसून आला होता. मालवणकडचा, एरवी शांत माणूस.

"बाई, नागल्यासमोर गलबत रुतलंय. पहाटेच्या भरतीबरोबर आत आलं. कोळ्यांनी जाळी बांधायला खुंट ठोकलेत ना, त्यांतला एक त्याच्या कुशीत घुसला. आता ओहोटी लागलीय. गलबत कलंडलंय चिखलात."

"माणसं?"

"भरलंय. बायका-पोरं धरून पन्नास-साठ तरी असतील. तांडेल आणि खलाशी छोटी होडी घेऊन उजाडायच्या आत पळाले. माणसांना तसंच टाकून."

"कोळी गेले होते का जवळ?"

"गेले होते. त्यांचा म्होरक्या पोशा नाखवा स्वतः गेला, पाण्याचे हंडे घेऊन. पण वर एक माणूस कुऱ्हाड घेऊन उभा आहे. जवळ आलात तर डोकं फोडीन म्हणतो. म्हणजे तसंच काहीतरी म्हणत असणार. भाषा कुणाला कळतेय!"

मी त्याला पाणी दिलं आणि खुंटाचं भोक कुठे पडलंय ते विचारलं. तो म्हणाला, खालच्या बाजूला, कलंडलंय त्याच अंगाला.

इथे वाचकांना थोडं थांबवते, कारण सगळी अडचण त्या भोकात होती. ओहोटी पूर्ण झाली की गलबताभोवती नुसता चिखल राहणार. त्या चिखलात माणूस कमरेपर्यंत जातो. तेव्हा जाता येत नाही. पुन्हा भरती आली की धड गलबत आपोआप तरंगतं. पण भोक पडलेलं गलबत तरंगत नाही, पाणी आत घेतं आणि जिथं आहे तिथंच बुडतं. म्हणजे भरतीचं पाणी होडी जाण्याइतकं चढलेलं आणि त्या भोकातून आत भरण्याइतकं न चढलेलं, अशी जी थोडकी वेळ दुपारी मिळणार होती, तेवढ्यात सगळी माणसं उतरायला हवी होती. लहान होड्यांनी ते होणार नव्हतं. सपाट तळाचे रेतीचे पडाव लागणार होते. पडाव काल्हेरला होते. आणि ते नागल्याला वेळेवर यायचे तर चालू ओहोटीवरच खाली सोडायला हवे होते. म्हणजे आत्ता.

मी धोंडूला हाक मारली. "काल्हेरला काशिनाथ पाटलांकडे जा. म्हणावं, बाईंनी दोन पडाव मागितलेत, रेती भरलेली असली तर तिथंच उपसून टाका आणि ओहोटीवर नागल्याला या. आणि हे बघ, कशेळीवरून जाशील तिथं थांबून कुणाला काही सांगत बसू नकोस."

"पाटील विचारतील, हुकूम कोणाचा?"

"माझं नाव सांग. जास्त विचारलं तर म्हणावं, नाही जमत असं पाटलांनी बाईंना स्वतः येऊन सांगावं."

काशिनाथ पाटील असं सांगायला कधीच येणार नव्हते. एका बाईपुढे उभं राहून 'नाही जमत' म्हणणं त्यांच्या मिशीला परवडणारं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग मी टेलिफोन घेतला. आमचे साहेब कल्याणपलीकडे मोहन्याच्या बाजूला छावणीसाठी जागा पाहायला गेले होते, ते दुपारनंतर भेटणार होते. बंदर खात्यात एकानं सांगितलं, खाडीतलं आमच्याकडे येत नाही. जकातीत म्हणाले, आमचा अधिकारी आल्याशिवाय कुणी उतरू नये, अधिकारी उद्या येतील. पोलीस म्हणाले, निर्वासितांचं तुमच्या कचेरीकडे. मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं, "मी कळवते आहे, विचारत नाही," आणि फोन ठेवला. दोघांनी ते ऐकलं नसावं, तिसरा हसला.

आता उरला कुऱ्हाडवाला. त्याच्याशी बोलायला सिंधी येणारं माणूस हवं होतं. कल्याणहून कुणाला आणायचं तर दुपार होणार. मी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि मला हरदेवी दिसली.

हरदेवी ही आमच्या कचेरीतली सर्वात कठीण गिऱ्हाईक. शिकारपूरची, पन्नाशीची, धिप्पाड बाई. टेंभी नाक्याजवळच्या धर्मशाळेत चार-पाच सिंधी कुटुंबं उतरली होती, त्यांतली ती. रोज सकाळी यायची आणि भांडायची. "बाई, रोज चावल, रोज चावल! हम गेहूँ खाने वाले लोग हैं. चावल से पेट नहीं भरता, पेट दुखता है!" मी तिला रोज सांगत असे की गहू वरून येत नाही. ती रोज विचारत असे, वर कोण आहे, त्याला बोलवा. तिचा आवाज इतका खणखणीत होता की पलीकडच्या कोर्टातला पट्टेवाला एकदा तक्रार घेऊन आला होता.

मी बाहेर गेले. तिनं तोंड उघडायच्या आत म्हटलं, "हरदेवीबेन, गहू का बाद में बोलो. आपके लोग नाव में फसे हैं. मेरे साथ चलेंगी?"

तिनं ओढणी डोक्यावरून घट्ट बांधली. "कहाँ है नाव? चलो. इधर खड़ी क्या हो?"

सावंत ज्या लॉरीनं आला होता त्याच लॉरीवर आम्ही तिघं बसलो. इस्पितळाच्या दारात थांबून औषधपेटीसकट कंपाउंडरलाही चढवलं. तो वाटभर म्हणत होता की डॉक्टरांना सांगितलेलं नाही. मी म्हटलं, मी चिठ्ठी ठेवली आहे. चिठ्ठी मी खरंच ठेवली होती, पण डॉक्टरांच्या टेबलावर ती कितव्या कागदाखाली गेली असेल ते देवाला ठाऊक.

नागल्याच्या धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. ओहोटी पार उतरली होती. पाण्याचा निमुळता पट्टा, त्याच्या पलीकडे राखाडी चिखलाचं मैदान आणि त्यात कुशीवर पडलेलं गलबत. फार लांब नव्हतं. मोठ्यानं हाक मारली तर ऐकू जाईल एवढं. वरच्या अंगाला माणसं एकमेकांना चिकटून बसली होती. पोरांचं रडणं ऐकू येत होतं आणि मधेच थांबत होतं. ते थांबणं मला आवडलं नाही. तहानेनं थकलेलं पोर रडायचं थांबतं.

पोशा नाखवा धक्क्यावर उकिडवा बसला होता. उन्हानं काळाठिक्कर पडलेला, डोक्याला लाल टोपी. मला बघून उठला नाही. रागावलेला होता.

"बाय, सकालचे पारी आमी पानी घेवन गेलू. त्यो मानूस कुराड दाखवतं. आमी काय चोर हाव?"

"नाही हो नाखवा. पळालेला तांडेल चोर होता. त्यांना आता सगळे होडीवाले तसेच वाटतात."

"मंग बसू दे तसाच." पण तो असं म्हणत असतानाच त्याची नजर चिखलाच्या कडेला चढणाऱ्या पाण्यावर होती. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "पानी फिरला. आता चरंल. होरी काराला लागू."

पडाव अजून दिसत नव्हते. मी, हरदेवी, पोशा आणि त्याचा भाऊ असे आम्ही एका होडीत बसलो. मी होडीची कड धरली आणि नजर गलबतावर ठेवली. चिखलाच्या कडेपाशी होडी टेकली. पुढे पाणी अजून घोट्याएवढंच होतं.

गलबतावर तो उभा राहिला. तरुण होता, पंचवीस-तिशीचा, अंगात फाटका कोट, हातात गलबताचीच लांब दांड्याची कुऱ्हाड. त्याच्या मागून आणखी दोघं-तिघं पुरुष उठले. तो ओरडून काहीतरी बोलला.

मला वाटलं होतं हरदेवी त्यांना समजावेल, हात जोडेल, रडेलही कदाचित. तसलं काही झालं नाही. ती होडीत उभी राहिली, एक हात कमरेवर ठेवला आणि ती भांडायला लागली. शब्द मला कळत नव्हते, पण सूर रोजचा ओळखीचा होता. माझ्या टेबलासमोर उभी राहून ती ज्या आवाजात गव्हासाठी भांडत असे, त्याच आवाजात ती त्या माणसाला झापत होती. खाडीच्या पलीकडचे बगळे उडाले. तो पहिल्यांदा उलटून बोलला. मग त्याचं बोलणं कमी झालं. गलबतावरच्या बायका माना वर करून ऐकायला लागल्या. एका म्हातारीनं तर चक्क मान डोलावली. मला वाटतं, कित्येक दिवसांनी त्यांना आपल्या गल्लीतल्या मावशीचा आवाज ऐकू आला होता. समजूत घालणारा परका असू शकतो. असं हक्कानं भांडतं ते आपलंच माणूस.

मग तो एकदम खाली बसला आणि त्यानं तोंडावर हात घेतले. हरदेवीचाही आवाज उतरला. ती दोन-तीन प्रश्न विचारत राहिली. तो उत्तर देत राहिला. ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"बाई, इसका नाम लछमन है. इसकी माँ परसों नाव में मर गई. नाव वाला लोग बोला, पानी में फेंको. इसने फेंकने नहीं दिया. दो दिन से कुल्हाड़ी लेके बैठा है माँ के पास. तांडेल बोला था, किनारे का लोग आएगा तो फेंक ही देगा. इसलिए किसी को आने नहीं देता. बोलता है, माँ को ज़मीन पे आग देना है, पहले माँ उतरेगी, तब वो उतरेगा. बाकी लोग बोलते हैं, उसको छोड़के नहीं उतरेंगे."

गलबताच्या वरच्या कडेला, सगळ्यांच्या मागे, रंगीत तुकड्यांच्या गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी ते मघापासून सामान समजत होते.

आता पाणी होडीखाली सरकायला लागलं होतं. मागे वळून पाहिलं तर वळणावर पाटलांचे दोन पडाव दिसले. पुढच्या पडावावर काशिनाथ पाटील स्वतः उभे होते. वेळ सुरू झाली होती.

आमच्या कचेरीत एक लेखी सूचना होती. आधी मुलं, मग बायका, मग आजारी, मग पुरुष, सामान नाही. शहाणी सूचना आहे, मी ती पुढे अनेकदा पाळली. पण त्या क्षणी मला दिसलं की ती इथं पाळायला गेले तर एकही मूल उतरणार नाही. पहिली होडी जिवंत माणसासाठी वापरायची की मेलेल्या, याचा निर्णय करायला कुणी मोठं माणूस तिथं नव्हतं. आणि पहिली होडी तिच्यासाठी गेली तर शेवटच्या खेपेला पाणी आपल्याला थांबायला देईल का, हेही कोणी सांगू शकत नव्हतं.

मी म्हटलं, "नाखवा, आधी म्हातारीला उतरवायचं."

पोशाच्या भावानं मान झटकली. "मरदा होरीन? बाय, ही होरी मावऱ्याची हाय. दर्याला जाते. नाय जमाचा."

मासळीच्या होडीत मढं नको, हे मला कळत होतं. ती होडी म्हणजे त्यांचं पोट, आणि देव्हाऱ्याइतकीच पवित्र. मी हट्ट करू शकत होते, हुकूम करू शकत नव्हते. मी पोशाकडे बघत राहिले.

पोशानं गलबताकडे पाहिलं. मग तो भावाला म्हणाला, "आपली आय मेली तवा चार गावची मानसा आल्ती. हिचा कोन हाय इथं? वल्हा मार."

होडी गलबताच्या कुशीला लागली. पोशानं डोक्यावरची टोपी काढून कमरेला खोचली आणि दोन्ही हात वर केले. लछमननं आधी त्या हातांकडे पाहिलं, मग पोशाच्या तोंडाकडे. त्यानं कुऱ्हाड बाजूला ठेवली. दोघांनी मिळून गोधडी खाली घेतली. पोशानं ती होडीत अशी ठेवली, जशी झोपलेल्या माणसाला हलवतात. माझ्या पायाशी. मी पदर नाकाला लावला नाही. लावावासा वाटला होता, पण लछमन बघत होता.

होडी काठाकडे निघाली आणि गलबतावरची माणसं एकदम उठली. पाटलांचा पहिला पडाव लागला होता. सकाळी ज्यांनी पोरांना हातही लावू दिला नसता त्या बायका आता पोरं खाली देत होत्या, अनोळखी हातांत, न बघता. पाटलांची माणसं पोरं झेलत होती आणि मागे सरकवत होती. धक्क्यावरून पडावात चढलेला कंपाउंडर चमच्या-चमच्यानं पाणी पाजत होता आणि प्रत्येकाला मराठीत सांगत होता, "हळू, हळू, एकदम नाही." कुणालाही मराठी येत नव्हती, पण हळू सगळ्यांना कळलं.

मी धक्क्यावर उतरून पुन्हा होडीत बसले आणि परत आले. हरदेवी तोवर गलबतावर चढली होती, कशी ते मी पाहिलं नाही. ती माणसांना रांग लावत होती आणि ट्रंका घेऊन उतरू पाहणाऱ्यांवर खेकसत होती. एका म्हाताऱ्यानं पितळी हंडा सोडायला नकार दिला. तिनं तो हिसकावून पाण्यात टाकला. म्हाताऱ्यानं तिला शिव्या दिल्या आणि उतरला.

पहिला पडाव भरून निघाला, दुसरा लागला, आणि तेव्हा पाण्यानं भोक गाठलं. आवाज आला. मोठा नाही, मडक्यात पाणी भरताना येतो तसा. गलबताचं लाकूड कण्हल्यासारखं वाजलं. दुसऱ्या पडावात चढायला अजून दहा-बारा माणसं होती आणि कलंडलेली बाजू आणखी खाली जायला लागली. वरच्या कडेला उभं राहणं अवघड झालं. बायका घसरायला लागल्या.

"पडाव मागं घ्या!" पाटलांचा एक माणूस ओरडला. "शीड आपल्यावर येईल!"

"मागं घ्यायचा नाही," मी ओरडले. माझा आवाज हरदेवीसारखा नाही, पण त्या दिवशी निघाला. "पाटील, मागं घ्यायचा नाही!"

काशिनाथ पाटलांनी माझ्याकडे बघितलं, मग डोलकाठीकडे. डोलकाठी आमच्या डोक्यावरून वाकत होती. ते पाण्यात उतरले, छातीएवढ्या पाण्यात आणि गुडघाभर चिखलात, आणि त्यांनी पडावाचा दोर स्वतःच्या कमरेला गुंडाळून धरला. त्यांना बघून त्यांची तीन माणसं उतरली. लछमन गलबतावर आडवा पडला होता. पायानं कठडा अडकवून तो एकेकाला हाताला धरून खाली सोडत होता. शेवटच्या चौघांना त्यानं ढकललंच म्हणा. मग हरदेवीला. ती पडावात आपटली तेव्हा दोघं जण तिच्याखाली सापडले. लछमन शेवटी आला. येताना त्यानं कुऱ्हाड पडावात टाकली आणि मग उडी मारली.

पडाव मागे सरला आणि गलबत आडवं झालं. डोलकाठी पाण्यावर आपटली, आणि मग बराच वेळ गोधड्या, उशा, एक तबल्याची जोडी असं काहीबाही वर येत राहिलं. लोक बघत होते. कुणाचं सगळं घर त्यात होतं. ते सामान वाचवता आलं असतं का, याचा विचार मी नंतर पुष्कळ वेळा केला. आणखी एक पडाव मागितला असता तर? मी पाटलांकडे दोनच मागितले, कारण ते दोनाला हो म्हणतील याची मला खात्री होती. माणसं सगळी उतरली एवढं समाधान आहे. पण रिकाम्या हातांनी बराकीत शिरणाऱ्या बायका मला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिल्या.

नागल्याच्या गावकऱ्यांनी लाकडं दिली. आंब्याचं एक वाळलेलं खोड होतं, ते लछमननं आपल्या कुऱ्हाडीनं फोडलं. कुणी मदतीला गेलं तर तो मान हलवून नको म्हणत होता, शेवटी पोशानं काही न बोलता दुसऱ्या बाजूनं कोयता चालवायला सुरुवात केली, ते त्यानं चालू दिलं. कोळणींनी म्हातारीला न्हाऊ घातलं. तिचं नाव काय ते हरदेवीनं विचारून सांगितलं, चेतनबाई. ऊन कलायला लागलं तेव्हा खाडीच्या काठावर अग्नी दिला. ज्यांना तिच्यासाठी पाच-सहा तास मरणाच्या तोंडाशी बसावं लागलं होतं, त्यांच्यापैकी एकानंही तक्रार केलेली मी ऐकली नाही.

आमचे साहेब जीपनं आले ते त्याच सुमाराला. चिखलानं भरलेली मी, भिजलेले पाटील, काठावर बसलेली माणसं आणि जळती चिता असं सगळं त्यांनी बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालतीबाई, जकातीचा अधिकारी यायच्या आधी उतरवलंत?"

"हो."

"कुणाच्या हुकमावरून?"

"मी सगळ्यांना कळवलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं."

मग त्यांनी हॅट काढून हातात घेतली आणि चितेपासून थोड्या अंतरावर जाऊन उभे राहिले. परत आल्यावर म्हणाले, "हे लेखी द्या. आणि यांच्या रात्रीच्या जेवणाचं काय केलंत?" मी म्हटलं, गावात भात शिजतोय. हरदेवी शेजारीच होती. तिनं तोंड उघडलं, पण तिच्या घशातून आवाज फुटेना. दिवसभर ओरडून तिचा घसा पार बसला होता. भात ऐकून हरदेवी गप्प राहिली, असं त्या नोकरीत एकदाच घडलं.

सकाळी लॉऱ्या येणार होत्या म्हणून माणसं गावातच झोपली. उजाडल्यावर लछमन राख गोळा करायला काठावर गेला. मी धक्क्यावर बसून साहेबांना द्यायचा मजकूर मनाशी जुळवत होते. तेवढ्यात चौकीकडून सावंत पळत आला.

"बाई, खाडीच्या तोंडाशी आणखी एक शीड दिसतंय. तसलंच गलबत. तेही आत येतंय."

लछमनला मराठी येत नव्हती, तरी तो उठला. त्यानंही शीड पाहिलं होतं. त्यानं हातातली राखेची लोटी हरदेवीच्या हातात दिली आणि भराभर काहीतरी सांगितलं. हरदेवीनं कुजबुजत्या आवाजात मला हिंदीत सांगितलं. दोन गलबतं बरोबर निघाली होती. दुसऱ्यात त्यांच्याच गल्लीतली माणसं होती. त्यांचा तांडेल तर याच्याहून वाईट.

पोशा नाखव्याची होडी धुवून काठाला लावलेली होती. पोशा तिच्यात चढत होताच. मी हरदेवीकडे पाहिलं. तिनं घशाकडे बोट दाखवून मान हलवली.

"नाखवा, थांबा. बोलणार कोण?" मी म्हटलं.

लछमन पाण्यात शिरला होता. मोडक्या-तोडक्या हिंदीत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बहनजी, मैं जाता हूँ. वो लोग डरेगा. मेरे को देखेगा तो नहीं डरेगा."

"थोडं खाऊन तरी..." मी म्हणत होते, तोवर पोशानं त्याला हात देऊन वर घेतलं होतं. नाखव्यानं नाळेवरचं, होडीच्या पुढच्या टोकावरचं, जाळं उचलून मागे टाकलं आणि लछमनला पुढे बसायला जागा करून दिली. भावानं वल्हं मारलं.

मी चौकीवरची सायकल मागून घेतली आणि काल्हेरला कुणाला पाठवायचं ते बघायला गावात निघाले. या वेळी मी तीन पडाव मागितले.